चालत्या पावलांचा नेम

मुदखेड हे नांदेड जिल्ह्यातील रेल्वेचे जंक्शन होय. निजामाबादकडे आणि आदिलाबादकडे जाणारे लोहमार्ग येथे एकमेकांपासून वेगळे होतात. याच मुदखेडला केंद्रीय राखीव पोलीस दलाचे प्रशिक्षण केंद्र आहे. शेजारच्या लातूर जिल्ह्यात चाकूर येथे सीमा सुरक्षा दलाचे, तर लातूर शहरानजीक बाभळगाव येथे राज्य पोलीस दलाचे प्रशिक्षण केंद्र आहे. हिंगोलीस राज्य राखीव पोलीस बलाचा गट आहे. अशा रीतीने मराठवाड्याच्या या कोपऱ्यात, जेथे काळ्या जमिनीत कापूस, सोयाबीन आणि तूर पिकते, तेथे शस्त्र हाताळण्याचे शिक्षणही शांतपणे चालू असते. आसपासच्या गावांतील लोकांना त्याची जाण बहुधा कानांनीच होते. चांदमारीचे आवाज दूरवर ऐकू येतात. पण तेथे नेमके काय शिकविले जाते, याची माहिती सहसा कोणास नसते.

चांदमारीचे जे चित्र सर्वसामान्य माणसाच्या मनात असते ते असे : जवान पालथा पडला आहे, दोन्ही कोपरे जमिनीवर टेकली आहेत, बंदुकीचा दस्ता खांद्याशी घट्ट आहे आणि समोर ठरावीक अंतरावर एक पांढरा फलक निश्चल उभा आहे. हे चित्र खरे आहे, परंतु ते प्रशिक्षणाच्या आरंभाचे आहे. पालथे पडून, गुडघ्यावर बसून आणि उभे राहून स्थिर लक्ष्यावर नेम धरणे ही बाराखडी झाली. प्रत्यक्ष प्रसंगी मात्र जवान स्थिर नसतो, समोरचा हल्लेखोर स्थिर नसतो आणि त्या दोघांच्या मध्ये व मागे सैरावैरा धावणारी निरपराध माणसे तर मुळीच स्थिर नसतात. म्हणून बाराखडीनंतरचा धडा येतो तो हालचाल करीत असताना अचूक गोळी झाडण्याचा. हा धडा वरवर पाहता नेमबाजीचा वाटतो. वस्तुतः त्याचा मोठा भाग गोळी केव्हा झाडू नये, हे शिकविण्यात खर्च होतो.

एका रात्रीचा धडा

महाराष्ट्रात या विषयाकडे नव्या दृष्टीने पाहणे भाग पडले ते २६ नोव्हेंबर २००८ च्या रात्री. छत्रपती शिवाजी टर्मिनस येथे दोन हल्लेखोर स्वयंचलित रायफली घेऊन प्रवाशांच्या गर्दीत शिरले. ते चालत होते, थांबत होते, पुन्हा चालत होते आणि गोळ्या झाडीत होते. त्यांना सामोरे जाणाऱ्या रेल्वे पोलिसांपैकी पुष्कळांच्या हाती केवळ लाठ्या होत्या, काहींजवळ.३०३ च्या जुन्या रायफली होत्या. ज्यांच्याजवळ बंदूक होती त्यांच्यापुढेही प्रश्न होता तो असा की, हल्लेखोराच्या मागे, पुढे व बाजूला शेकडो प्रवासी असताना गोळी झाडावी कशी ? त्याच रात्री गिरगाव चौपाटीजवळ सहायक पोलीस उपनिरीक्षक तुकाराम ओंबळे यांनी हल्लेखोराच्या रायफलीची नळी दोन्ही हातांनी धरून ठेवली आणि अंगावर गोळ्या झेलल्या. त्यामुळेच एक हल्लेखोर जिवंत हाती लागला. त्यांना २००९ मध्ये मरणोत्तर अशोकचक्र देण्यात आले.

या घटनेची चौकशी करण्यासाठी राज्य शासनाने माजी केंद्रीय गृहसचिव राम प्रधान यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. समितीने शस्त्रसामग्रीच्या उणिवांबरोबरच सरावाच्या उणिवेवरही बोट ठेवले. काडतुसांच्या टंचाईमुळे मुंबईच्या शीघ्र प्रतिसाद पथकाचा गोळीबाराचा नियमित सराव हल्ल्याआधी दीर्घकाळ खंडित झालेला होता. ही बाब क्षुल्लक नाही. नेमबाजी हे सायकल चालविण्यासारखे कौशल्य नव्हे, की एकदा आले की जन्मभर पुरले. ते गवयाच्या गळ्यासारखे आहे. रियाज तुटला की सूर हलतो. पुढे राज्याने ‘फोर्स वन’ हे विशेष दल उभारले. त्यापूर्वीच, १९९० मध्ये, गडचिरोलीच्या जंगलातील गरज ओळखून ‘सी-६०’ हे पथक स्थापन झालेले होते. शहरातील जिने व बोळ आणि जंगलातील पायवाटा यांचे स्वरूप भिन्न आहे, पण दोन्ही ठिकाणी पाय चालू असताना हात स्थिर ठेवण्याची गरज सारखीच आहे.

चूक किती मोठी होते ?

हात स्थिर ठेवणे एवढे अवघड का, हे समजण्यास शाळेतील भूमिती पुरेशी आहे. किंबहुना शिक्षकांनी हे उदाहरण वर्गात सोडवून घेण्याजोगे आहे. बंदुकीची नळी योग्य दिशेपासून केवळ १ अंशाने ढळली असे समजू. १० मीटरवर ती गोळी सुमारे १७ सेंटिमीटर बाजूला पडेल. २५ मीटरवर सुमारे ४४ सेंटिमीटर आणि ५० मीटरवर ८७ सेंटिमीटर. माणसाच्या छातीची रुंदी ध्यानात घेतली तर २५ मीटरवर १ अंशाची चूक म्हणजे हल्लेखोर वाचणे आणि त्याच्या शेजारी उभ्या असलेल्या माणसास गोळी लागणे होय. पिस्तुलात तर ही चूक आणखी सहज घडते. त्याची पुढची माशी व मागची खाच यांत जेमतेम १६ सेंटिमीटरचे अंतर असते. माशी खाचेच्या मध्यापासून १ मिलिमीटर सरकली, तर १० मीटरवरचा फरक ६ सेंटिमीटरांहून अधिक आणि २५ मीटरवरचा फरक १५ सेंटिमीटरांहून अधिक होतो. रायफलीत हे अंतर बरेच जास्त असते. शिवाय दस्ता खांद्याला टेकलेला असतो. म्हणून ती चालताना पिस्तुलापेक्षा अधिक आवरते.

येथे एक गैरसमज दूर करणे इष्ट ठरेल. आपण चालत असल्यामुळे गोळीलाही आपल्या चालीचा वेग मिळतो व ती बाजूला जाते, अशी शंका पुष्कळांना येते. ती चुकीची नाही, पण जवळच्या अंतरावर तिचे महत्त्व थोडे आहे. पिस्तुलाची गोळी सेकंदाला साधारण ३५० ते ४०० मीटर वेगाने जाते. १० मीटर अंतर कापण्यास तिला सेकंदाचा तीन शतांश भागही लागत नाही. तेवढ्या वेळात सामान्य चालीने चालणारा माणूस फार तर ४ सेंटिमीटर सरकतो. खरी चूक होते ती पावलांमुळे. टाच जमिनीवर आपटली की धक्का गुडघ्यातून कमरेत, कमरेतून खांद्यात आणि खांद्यातून मनगटात जातो आणि माशी खालीवर नाचू लागते. म्हणूनच जाणते उस्ताद नवशिक्याच्या हाताकडे पाहण्याआधी त्याच्या पायांकडे पाहतात.

पवित्रा

पायांचे हे महत्त्व मराठी माणसाला नवे नाही. लाठी, दांडपट्टा, कुस्ती या सर्व विद्यांत पहिला धडा पवित्र्याचा असतो. पट्टा हाती देण्यापूर्वी पाऊल कसे टाकावे, भार कोणत्या पायावर ठेवावा, वळताना तोल कसा सांभाळावा हे शिकविले जाते. नांदेडच्या तख्त सचखंड हुजूर साहिबच्या परिसरात दसरा व होला मोहल्ला या सणांच्या वेळी गतका खेळणारे शीख तरुण पाहावयास मिळतात. त्यांच्या खेळाचा पायाही ‘पैंतरा’ हाच असतो. शस्त्र कमरेच्या वर फिरते, परंतु त्याला दिशा कमरेखालून मिळते. बंदुकीची विद्या यांत्रिक खरी, पण ती वापरणारे शरीर तेच आहे.

चालत गोळी झाडण्याच्या शिक्षणात गुडघे किंचित वाकलेले ठेवावयास सांगतात. शरीराचा गुरुत्वमध्य त्यामुळे खाली येतो आणि गुडघे गाडीच्या कमानीप्रमाणे धक्का गिळतात. पावले नेहमीपेक्षा आखूड पडावीत. पुढे जाताना टाच आधी अलगद टेकवून भार पंजाकडे गडगडत न्यावा. पाऊल आपटू नये. मागे सरताना हाच क्रम उलटा होतो, पंजा आधी टेकतो व मग टाच. बाजूला सरकताना एक पाय दुसऱ्यावरून ओलांडू नये, कारण पाय अडकला की माणूस पडतो आणि पडणाऱ्या माणसाचे बोट आपोआप आवळले जाते. कमरेपासून वरचा भाग रणगाड्याच्या वरच्या बुरुजासारखा असावा; खाली चाके कोणत्याही दिशेने गेली तरी वरची नळी लक्ष्याकडेच राहते. विहिरीवरून डोक्यावर भरलेली घागर घेऊन येणारी स्त्री ओबडधोबड वाटेवरून चालते, बोलते, वळून पाहते, पण पाणी हिंदकळत नाही. कमरेवरचे आणि कमरेखालचे शरीर असे वेगळे करण्याची कला तिला कोणत्याही केंद्रात शिकावी लागलेली नसते. प्रशिक्षणात हेच साधण्यासाठी पाण्याने भरलेले भांडे दोन्ही हातांत पुढे धरून चालण्याचा सराव काही ठिकाणी देतात. पाणी सांडले की दोष कोठे आहे ते दुसऱ्याने सांगावे लागत नाही.

हा सर्व सराव प्रथम रिकाम्या शस्त्राने होतो. शस्त्र रिकामे असल्याची खात्री स्वतः करावयाची, दुसऱ्याकडून करवून घ्यावयाची आणि मगच चालावयाचे. यात वेळ जातो म्हणून अनेकांना तो कंटाळवाणा वाटतो. पण काडतूस न झाडता केलेल्या या सरावानेच चापावरील बोट शहाणे होते. त्यानंतर हळू चालीत एक गोळी, मग दोन, मग दिशा बदलून, मग मंद प्रकाशात असा क्रम असतो. वेग सर्वांत शेवटी. चाल इतकीच जलद असावी की माशी लक्ष्यावर टिकेल. त्याहून जलद चालणे म्हणजे दारूगोळ्याची नासाडी होय.

थांबावे की चालावे ?

चालत गोळी झाडणे शक्य आहे म्हणून ते नेहमी करावे असे मात्र नाही. या विषयात सर्वांत अधिक गोंधळ येथेच होतो. चित्रपटांतील नायक धावता धावता दोन्ही हातांनी गोळ्या झाडतो व त्याची एकही गोळी वाया जात नाही. त्या दृश्यांनी तरुणांचे जेवढे नुकसान केले तेवढे दुसऱ्या कशाने क्वचितच केले असेल. प्रत्यक्षात आडोसा जवळ असेल तर शस्त्र खाली रोखून, बोट चापाबाहेर ठेवून, शक्य तितक्या वेगाने त्या आडोशामागे जावे आणि तेथे स्थिर होऊन नेम घ्यावा, हेच शहाणपणाचे असते. अंतर जास्त असेल तर थांबलेच पाहिजे. चालत गोळी झाडण्याचा प्रसंग येतो तो अंतर थोडे असताना, आडोसा नसताना, अथवा एखाद्या जखमी व्यक्तीस किंवा मुलास आडवे होऊन बाहेर काढताना. पथक असेल तर आणखी एक मार्ग असतो : एक जोडी थांबून लक्ष ठेवते, दुसरी पुढे सरकते आणि मग कामांची अदलाबदल होते. अशा वेळी सरकणाऱ्याने थांबलेल्याच्या गोळीच्या रेषेत येऊ नये, याचा सराव नेमापेक्षाही कसून घेतला जातो.

बोट चापाबाहेर ठेवण्याचा नियम येथे पुन्हा सांगण्याचे कारण आहे. माणूस ठेचकाळला, दचकला किंवा त्याने दुसऱ्या हाताने काही घट्ट पकडले, तर पहिल्या हाताची बोटेही नकळत आवळतात. हा शरीराचा स्वभाव आहे. इच्छाशक्तीने तो बदलत नाही. नियमाने मात्र त्याचा परिणाम टाळता येतो.

भीतीच्या वेळचे डोळे

मैदानावर उत्तम नेम असलेला माणूस प्रत्यक्ष चकमकीत का चुकतो, याचा विचार गेली शंभर वर्षे चालू आहे. शांघाय शहराच्या त्या काळच्या पोलीस दलात अनेक शीख शिपाईही होते. त्या दलातील विल्यम फेअरबेर्न या अधिकाऱ्याने पहिल्या महायुद्धानंतर नेमबाजीच्या शिक्षणाची पद्धतच बदलली. अंधाऱ्या खोल्यांतून जवानास चालत न्यावयाचे, अनपेक्षित आकृत्या अचानक समोर आणावयाच्या आणि त्याचे काय होते ते पाहावयाचे, ही पद्धत त्याने रूढ केली. एरिक साइक्स यांच्या सहकार्याने त्याने या अनुभवांवर लिहिलेले पुस्तक १९४२ मध्ये प्रसिद्ध झाले. जगातील अनेक दलांच्या शिक्षणावर त्याचा ठसा उमटला.

भीतीच्या क्षणी हृदयाचे ठोके वाढतात, बोटांची नाजूक हालचाल बिघडते, डोळ्यांचा आवाका अरुंद होतो आणि कानांना जवळचा आवाजही ऐकू येईनासा होतो. माणूस समोरच्या शस्त्राकडे पाहत राहतो. त्याच्या मागची भिंत, खिडकी, मूल त्याला दिसत नाही. याचा परिणाम आकड्यांतही दिसतो. अमेरिकेतील रँड या संस्थेने न्यूयॉर्क पोलिसांच्या १९९८ ते २००६ या काळातील नोंदी तपासल्या. समोरून गोळीबार होत असताना पोलिसांच्या गोळ्यांपैकी सरासरी १८ टक्केच लक्ष्यावर लागल्या होत्या. समोरून गोळीबार होत नसतानाही हे प्रमाण ३० टक्क्यांच्याच आसपास होते. उरलेल्या गोळ्या कोठे गेल्या ? त्याचे एक भयंकर उत्तर याच शहरात २४ ऑगस्ट २०१२ रोजी मिळाले. एम्पायर स्टेट इमारतीसमोर एका सशस्त्र खुन्यावर दोन पोलिसांनी १६ गोळ्या झाडल्या. खुनी ठार झाला. पण वाटेने जाणारे ९ जण जखमी झाले आणि ते सर्व पोलिसांच्या गोळ्यांनी अथवा त्यांच्या तुकड्यांनी.

म्हणून चांगल्या प्रशिक्षणात लक्ष्याच्या फलकावर नुसते वर्तुळ नसते. एकावर पिस्तूल रोखलेला माणूस असतो, दुसऱ्यावर हातात टॉर्च घेतलेला, तिसऱ्यावर मूल कडेवर घेतलेली बाई. जवान चालत येतो, फलक फिरतो आणि क्षणार्धात ठरवावे लागते. ज्याने टॉर्चवाल्यास अचूक टिपले तो अनुत्तीर्ण ! हे गुणपत्रक प्रथम विचित्र वाटते, परंतु नागरी पोलिसाच्या दृष्टीने यापेक्षा न्याय्य गुणपत्रक नाही.

कायद्याची मर्यादा

शस्त्रधारी शासकीय सेवकाचा प्रत्येक नेम कायद्याच्या चौकटीत असतो. १ जुलै २०२४ पासून अमलात आलेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम ३४ ते ४४ मध्ये खासगी संरक्षणाचा हक्क सांगितला आहे. संरक्षणासाठी जेवढी आवश्यक तेवढीच इजा करता येते, त्याहून अधिक नाही, हे कलम ३७ मध्ये स्पष्ट आहे. कलम ४४ तर प्रस्तुत विषयाशी थेट निगडित आहे. जीवघेणा हल्ला होत असताना निरपराध व्यक्तीस इजा होण्याचा धोका पत्करल्याखेरीज स्वतःचा बचाव परिणामकारकपणे करणे शक्यच नसेल, तर तो धोका पत्करण्यापर्यंत हा हक्क जातो. या तरतुदीच्या उदाहरणात जमावात मिसळलेली लहान मुले आहेत. कायद्याने ही मोकळीक दिली ती दुसरा मार्ग नसेल तेव्हाच. दुसरा मार्ग असण्याची शक्यता वाढविणे, हे प्रशिक्षणाचे काम आहे. ज्याला बाजूला सरकून मागची गर्दी गोळीच्या रेषेबाहेर घेता येते, त्याच्यापुढे असा दुसरा मार्ग उघडतो.

सर्वोच्च न्यायालयाने २३ सप्टेंबर २०१४ रोजी ‘पीपल्स युनियन फॉर सिव्हिल लिबर्टीज विरुद्ध महाराष्ट्र राज्य’ या प्रकरणात पोलीस चकमकींतील मृत्यूंविषयी सविस्तर निर्देश दिले. गुन्ह्याची नोंद, स्वतंत्र तपास, दंडाधिकाऱ्यांकरवी चौकशी आणि संबंधित शस्त्रांची न्यायवैद्यक तपासणी हे त्यांतील प्रमुख होत. झाडलेल्या प्रत्येक गोळीचा हिशेब नंतर द्यावा लागतो, ही जाणीव प्रशिक्षणार्थीस पहिल्या दिवसापासून असणे हिताचे आहे.

गावांनी जाणावयाच्या गोष्टी

पंचायत सदस्यांचा या विषयाशी संबंध दोन ठिकाणी येतो. एक म्हणजे खासगी परवान्याचा. शस्त्र नियम, २०१६ अन्वये परवान्यासाठी शस्त्र सुरक्षितपणे हाताळण्याचे प्रशिक्षण घेणे आवश्यक करण्यात आले आहे. परवाना मिळाला म्हणजे धावत्या चोरावर गोळी झाडण्याचा अधिकार मिळाला, असा समज ग्रामीण भागात आढळतो. तो धोक्याचा आहे. स्थिर उभे राहून नेम न येणाऱ्याने रात्रीच्या काळोखात पळत्या सावलीवर गोळी झाडली, तर शेजाऱ्याचा जीव जाण्याचा संभव चोरापेक्षा अधिक. वरात अथवा मिरवणूक यांत हवेत बार काढण्याची हौसही कायद्याने गुन्हा आहे. शस्त्र अधिनियमात २०१९ साली झालेल्या सुधारणेनुसार अशा निष्काळजी वा हर्षाच्या गोळीबाराने इतरांची सुरक्षितता धोक्यात आणणाऱ्यास २ वर्षांपर्यंत कारावास किंवा १ लाख रुपयांपर्यंत दंड अथवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. हवेत गेलेली गोळी कोठेतरी खाली येतेच.

दुसरा संबंध चांदमारीच्या मैदानाचा. रायफलीची गोळी अडविली गेली नाही तर ती दोन-तीन किलोमीटरपर्यंत जाऊ शकते. म्हणून मैदानाच्या टोकाला मातीचा उंच बांध असतो आणि गोळीबार चालू असताना लाल निशाण लावलेले असते. हालचालीच्या सरावात गोळीची दिशा सतत बदलते. त्यामुळे या निशाणाला स्थिर चांदमारीपेक्षाही अधिक मान दिला पाहिजे. सरावाच्या तारखा कळल्या की गुरे चारणारी मुले, सरपण वेचणाऱ्या बाया आणि बांधालगतच्या शेतांतील सालगडी यांच्यापर्यंत त्या दवंडीने, शाळेच्या फळ्यावर लिहून किंवा ग्रामपंचायतीच्या फलकावर लावून पोहोचविणे, हे काम सरपंच व मुख्याध्यापक यांच्याइतके चांगले दुसरे कोणी करू शकत नाही. मैदानात सापडलेली पुंगळी वा न उडालेले काडतूस मुलांनी उचलून आणू नये, दगडाने ठेचू नये, विस्तवात टाकू नये. सापडल्याची जागा मोठ्या माणसास दाखवावी आणि त्याने पोलीस ठाण्यास कळवावे. सराव संपल्यावर मैदानावर झाडलेल्या पुंगळ्या मोजून घेतात. दिलेली काडतुसे, झाडलेल्या गोळ्या आणि परत आलेली काडतुसे यांचा मेळ बसला की मगच लाल निशाण उतरते.